तिसऱ्या मजल्याचे मत

त्या सकाळी गॅसवर दूध होते, बायको एका हाताने डबा भरत दुसऱ्या हाताने केसांत पिन खोचत होती, आई खिडकीपाशी बसून खालच्या मोटारी पाहत होती आणि मी वर्तमानपत्रातला स्वतःचाच लेख पुन्हा वाचत होतो. दूध उतू गेले. सबंध महानगराच्या मनाचा थांग लावलेला माणूस पातेल्याकडे काय पाहणार!

‘मजला सांगा, मत सांगतो!’ हे लेखाचे शीर्षक. मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतो आणि या शहरातले लोक कुणाला मते देतात व का, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. निष्कर्ष अगदी स्वच्छ होता. खालचे मजले शिडी पक्षाचे. कारण गटार तुंबले की पाणी प्रथम त्यांच्या उंबऱ्याशी येते आणि शिडीवाले गटारे उपसतात. वरचे मजले छत्री पक्षाचे. कारण छत्रीवाल्यांनी लिफ्टवरचा कर उतरवण्याचे वचन दिले आहे. तिसरा मजला मात्र अधांतरी! गटार त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि लिफ्ट बंद पडली तरी जिना चढून कुणी मरत नाही. निवडणुकीचा निकाल लावणार तो तिसरा मजलाच.

“आपण कितव्या मजल्यावर राहतो?” बायकोने ओटा पुसत विचारले.

“तिसऱ्या. का?”

“काही नाही. सहज.”

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली.

आई नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. आम्ही दोघे कामावर गेलो की दिवसभर ती आणि बंद दारे. जिन्यात कुणी भेटले तर मान हलवी, एवढाच तिचा शेजार. आता तिने दार उघडले, तर समोर शिडी पक्षाचा उमेदवार, हात जोडून!

“आजी, तिसरा मजला ना हा?”

“हो. या ना, बसा. चहा टाकते.”

संध्याकाळी छत्रीवाला आला. त्यालाही चहा. आठवडाभरात आमच्या दिवाणखान्याला दवाखान्याची कळा आली: एक आत, दोन बाहेर! आईने सहज म्हटले, की जिन्यात दिसत नाही. छत्रीवाल्यांनी आमच्या दाराबाहेर असा दिवा लावला, की त्या प्रकाशात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता यावी! ते पाहून शिडीवाल्यांनी जिन्याला नवा कठडा बसवला, तळापासून थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. तिथे तो असा अचानक संपला, की चौथ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश हवेलाच धरून दोन पायऱ्या चढले आणि त्यांनी आमच्या दारातच बसकण मारली.

“आयुष्यभर निकाल दिले मी!” ते कंबर चोळत कडाडले. “आणि माझ्या मताला किंमत नाही?”

“आहे हो, साहेब. पण ते आधीच ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“मीच. लेखात.”

पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई याहून स्पष्टवक्त्या. “आमच्या दाराशी चिटपाखरू फिरकत नाही! शिडीवाले म्हणतात, तुम्ही आमच्याच. छत्रीवाले म्हणतात, तुम्ही त्यांच्याच. तुमच्या लेखानं आम्हाला जिवंतपणी मोजून टाकलं! येताय कधी दाढ दाखवायला? वाट पाहतेय!”

माझी दाढ खरोखरच दुखत होती. मी ती दुखतीच ठेवली.

घरात मला बसायला जागा उरली नाही. उत्तरपत्रिका मी न्हाणीघरात बादली पालथी घालून तपासू लागलो. बायको म्हणाली, “एक तर हा जनता दरबार बंद होईल, नाही तर मी ऑफिसातच राहायला जाईन!”

शेवटी मी आईपुढे हात जोडले. “आई, कुणाला तरी एकदाचं हो म्हण आणि सोडव आम्हाला!”

“असं कसं? बिचारे चढून येतात. ऐकून तरी घ्यायला हवं.”

“म्हणजे तुझं अजून ठरलंच नाही?”

“न ठरायला काय झालं? ते तर हे दोन्ही उमेदवार जन्मायच्या आधीच ठरलंय!”

“मग सांगून टाक ना!”

“सांगितलं, तर उद्या कोण येईल?” आई कप विसळत म्हणाली.

मी बादलीवर परत जाऊन बसलो.

मतदान झाले. बेल थांबली. बायकोने सोफ्यावर पाय पसरले, मी टेबलाशी बसलो, आणि घरात अशी शांतता पसरली की माझ्या लेखणीची कुरकुर मलाच ऐकू येईना. कारण मी लिहीतच नव्हतो. आईने दुपारच्या चहाचे कप काढून ठेवले होते. बराच वेळ दाराकडे पाहून तिने ते परत फळीवर ठेवले.

मी विभागप्रमुखांना सांगून दुपारचे तास सकाळी घेतले. कारण विचारले, तेव्हा ‘क्षेत्रीय अभ्यास’ म्हणालो.

दुसऱ्या दुपारी खिशातली चावी खिशातच ठेवून मी आमच्याच दाराची बेल वाजवली.

आईने दार उघडले. मला आपादमस्तक न्याहाळले. “कोणता पक्ष?”

“अपक्ष.”

“या, बसा.” चहा समोर आला. ती खुर्ची ओढून पुढ्यात बसली. “आमच्याकडे नळाला धार नाही. काय करणार तुम्ही?”

मी घसा खाकरून महानगरी पाणीवाटपाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडू लागलो. आईने कप रिकामा होईपर्यंत ते सारे सोसले.

“मत काही मिळायचं नाही तुम्हाला,” ती शांतपणे म्हणाली. “पण येत चला.”