करपलेली भाजी आणि बसायचं मशीन

या वयात तरी दुपारी गरम जेवायचं, असं लोटूआबांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आबा सुरतजवळच्या उधन्यातल्या एका मिलच्या गेस्टहाउसवर माळी. शेठच्या भावानं अमेरिकेहून गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर पाठवला होता. वर बसायचं, चावी फिरवायची, की निघाला. वीस वर्षं हातमशीन ढकलून झिजलेल्या गुडघ्यांना स्वर्गच तो. आपण आता ड्रायव्हर झालो, हे आबांनी आपल्या वस्तीत, अख्ख्या नवागामात सांगून टाकलं. (खाकी शर्टही शिवला.) सीटखाली बॅटरीपाशी छान ऊब होती, तिथे ते जेवणाचा स्टीलचा डबा ठेवू लागले.

आठ दिवस झाले, आबा बसले की मशीन चट्‌ करी, धूर सोडी आणि बंद पडे. शेवटी शेठ म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर विकतो, तुम्ही पुन्हा हातमशीन घ्या.

लूमखात्यातला वायरमन भूपेंद्र आला. भुकेल्या माणसाला कामाला लावणं आबांना जमत नसे. त्यांनी डबा काढला, दोघांनी दोन घास खाल्ले. मग भूपेंद्रनं वायरी तपासल्या, चावी फिरवली. मशीन झकास. तो गेला. आबांनी उरलेला डबा जागेवर ठेवला, बसले. चट्‌.

असं दोनदा झाल्यावर भूपेंद्र म्हणाला, "काका, शॉर्ट मशीनमध्ये नाही, तुमच्यात आहे."

आबांनी चप्पल बदलली, पट्टा काढला, शेवटी करगोटाही सोडला.

तेवढ्यात सुभद्राबाई आल्या. आठवडाभर नवरा भाजी करपट लागते म्हणत होता, म्हणून आज ताजा डबा घेऊन समोर बसवून खाऊ घालायलाच आल्या होत्या. जुना डबा त्यांनी घासायला काढून घेतला. आबा म्हणाले, जेवण मग, आधी माझी गाडी बघ.

आणि गाडी चालली! आबांनी हिरवळीला दोन फेऱ्या मारल्या, एक हात सोडून सलाम ठोकला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आबा उतरले, बाईंच्या हातातला ताजा डबा, गरम राहू दे म्हणून, सीटखाली सरकवला आणि पुन्हा बसले.

चट्‌.

बाईंनी त्यांना उठवलं, सीट वर केली. सीटच्या दाबानं डबा बॅटरीच्या वायर जोडायच्या खुंटीला टेकलेला, बूड काळंठिक्कर, आतून करपल्याचा वास.

"आते सांगा," त्या शांतपणे म्हणाल्या, "मनी भाजी करपेल व्हती का?"

मशीन राहिलं. आबा रोज ऐटीत बसतात आणि गार जेवतात. हल्ली भाजी कधीकधी खरोखरच करपलेली असते. पण ते सांगायचं कोणत्या तोंडानं?