कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

आमच्या शेजारचे सोनवणे आप्पा कॉम्प्युटर सुरू झाला तरी त्याला हात लावत नसत. त्याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, त्याची वाट बघत बसत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. हा आतला कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून चालायचा आणि बंद केला की सगळं विसरून जायचा. कोण आलं, काय बघितलं, काही लक्षात ठेवायचा नाही. "माणसापरीस बरा," असं आप्पा म्हणायचे.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नव्हते, त्यामुळे मला आप्पांकडे जावंच लागे. अगदी जिवावर येई. मुलाचा निकाल बघायचा तरी आतला कॉम्प्युटर उठेपर्यंत एक चहा, आणि माग लागू नये म्हणून परदेशातल्या कॉम्प्युटरांमधून वळवलेलं आप्पांचं नेट सातासमुद्रापार फिरून येईपर्यंत दुसरा. एवढं करून पान उघडायचं ते जर्मन भाषेत. मी कपाळाला हात लावी, आप्पा मात्र खुशीत येत. "बघा, आता आपून दौंडात न्हाई." तेवढ्यात वीज जाई. भारनियमन सगळं पुसतंच आहे, मग ही सीडी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

एवढं लपवतात काय, ते एका रविवारी दुपारी कळलं. फोटो मोठा होईना म्हणून त्यांनी मला हाक मारली. मित्रमंडळी जोडायच्या एका साइटवर त्यांच्या मुलीचं पान होतं, फोटो त्यावरचा, तिचाच, कडेवर तान्हं बाळ. कविताने बंगलोरला आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा गावी, वडगाव रासाईला, सगळ्या भावकीसमोर आप्पांनी सांगून टाकलं होतं की, तिचं नाव या तोंडातून येणार नाही. घरात थोरले बंधू राहत, तेही याच कॉम्प्युटरवर बाजारभाव बघत. त्यांना सुगावा लागू नये म्हणून हा विसरभोळा कॉम्प्युटर.

फोटो मोठा करता करता मी थबकलो. त्या साइटवर आपलं पान कोण बघून गेलं, त्याचं नाव पानाच्या मालकाला दिसायचं. आणि आप्पा आत शिरले होते स्वतःच्या नावाने, वडिलांच्या नावासकट. जन्मभर रेल्वेच्या कागदांवर सह्या केलेला माणूस, खोटं नाव लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

"आप्पा, तुम्ही येऊन गेलात की तिला कळतं. दर वेळी."

त्यांनी चष्मा काढला. "म्हंजी पहिल्यापास्नं ठाव हाय तिला?"

मी हो म्हणालो. नको असेल त्या माणसाला पान बंद करता येतं, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि फोटोकडे वळले.

"आन् तरी बी पोरीनं बंद न्हाई केलं," ते म्हणाले.