उपाशी पट्टा

"आप्पा, एक हंगाम रान माझ्या हातात द्या. मातीला काय पाहिजे, ते मातीच्याच तोंडून वदवून दाखवतो."

सुग्रीवच्या या प्रतिज्ञेवर त्याच्या वडिलांनी, कारभाऱ्यांनी, तंबाखू मळता मळता अट घातली, "दाखव. न्हाई दाखवलं, तर पुढच्या साली ऊस. अंकुशनगरचा कारखाना काय लांब हाय?"

ऊस म्हटले की सुग्रीवच्या मनात काळोख दाटे. विहिरीच्या मचूळ पाण्याने रान आधीच क्षार साचून चोपण होत चालले होते. उसाच्या सततच्या पाण्याखाली ते कायमचे मिठाळले असते. कृषी पदवी घेऊन तो गावी परतला होता तो या एका तुकड्याला वाचवण्यासाठी.

त्याने तीन पट्टे आखले. पहिल्याला चोपण सुधारणारे जिप्सम आणि शेणखत, दुसऱ्याला नुसते शेणखत, तिसऱ्याला काहीच नाही. प्रत्येकात अर्धी ज्वारी, अर्धा हरभरा. तिसरा पट्टा हा प्रयोगाचा प्राण होता. तो उपाशी राहील, खंगेल, आणि त्याच्या खंगण्यातून इतरांचे पोषण सिद्ध होईल. संक्रांतीनंतर गावाला शिवारफेरीचे आवतणही त्याने देऊन टाकले.

तिसरा पट्टा खंगला नाही. आधी तो हिरवा झाला, मग गर्द, मग विधुराच्या घरी अचानक सनई वाजावी इतका विसंगत तजेलदार. रोज बांधावर उभे राहता राहता सुग्रीवचा आधी जिप्समवरचा विश्वास गेला, मग विद्यापीठावरचा, शेवटी स्वतःवरचा.

"असं सुतकी तोंड का करता?" बायको सत्यशीला म्हणाली. "तेवढा एकच तर पट्टा चांगला आलाय."

शिवारफेरीच्या दिवशी गाव नेमके त्याच पट्ट्यापाशी थबकले.

"ह्याच्यात काय टाकलं?" शेजारच्या रानाच्या हरिओमने विचारले.

"काहीच न्हाई."

"मंग बाकीच्यात टाकून नास कशाला केला?"

सुग्रीवला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले; पण त्या पट्ट्याच्या पोटात आधीच बरेच काही गेले होते.

"काही न्हाई कसं, सुग्रीवभाऊ?" दरवर्षी लेंडीखतासाठी रानात मेंढ्या बसवणारा गोरक्षनाथ पुढे आला. "पेरणीआधी तुम्ही जिप्सम आणाया जालन्याला गेल्तात, तवा मेंढ्या मी तिथंच बसवल्या. दोन पट्ट्यांत खत पडेल होतं, हाच उघडा दिसला. एक कोपरा कोरडा सोडला तर आम्हाला बोल लागतो."

"मेंढ्यांचं काय घेऊन बसलास?" सुग्रीवची आई तुळजाबाई म्हणाल्या. "मी रोज सांजच्याला त्यात शेणकाला वतून राह्यले."

"माय, कशापायी?"

"एकाच पंगतीत दोघांला वाढायचं अन् तिसऱ्याचं पान कोरडं ठेवायचं? कालेजात हेच शिकवलं का रे तुला?"

सुग्रीवने शेवटच्या आशेने बापाकडे पाहिले. कारभारी क्षितिज न्याहाळत होते.

"युरिया," ते म्हणाले. "थोडासाच. रस्त्याकडंचा पट्टा पिवळा पडला तर गाव म्हणन, कारभाऱ्याच्या घरात खताला पैका न्हाई."

"थोडासाच म्हंजी?"

"एकदा. अन् मंग आणखी एकदा."

तेवढ्यात हरिओमने हरभरा चाळवून पाहिला. "अरे, पाला मांडीएवढा, अन् घाट्याचा पत्ता न्हाई."

सुग्रीवच्या निस्तेज डोळ्यांत दिवा लागला. म्हणजे निसर्गनियम शाबूत होता.

"हरभरा आपलं अन्न मुळांवरच्या गाठींत आपणच तयार करतो," तो आवेगाने बोलू लागला. "त्याला आयतं वाढलं की तो गाठीही धरत न्हाई, घाटेही धरत न्हाई, नुसता माजतो. ज्वारी गवताच्या कुळातली. गवताला वाढाल तेवढं ते खातं, अन् ताठ उभं राहतं."

गाव पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होते. कारभाऱ्यांच्या चेहऱ्यावर तर चक्क कौतुक उमटले.

"म्हंजी आपल्या घरच्यांचा हात गवताला मानवतो, डाळीला न्हाई."

"बराबर, आप्पा."

"अन् ऊस कोणत्या कुळातला?"

ज्वारीच्या पानांतून वारा सरसरत गेला. सुग्रीवला खोटे बोलता आले असते. पण साऱ्या हंगामात उरलेली एकमेव शुद्ध वस्तू म्हणजे त्याचे शास्त्र होते.

"गवताच्याच," तो पुटपुटला.

एवढ्या व्याख्यानातला गावाला पुरेपूर पटलेला तेवढा एकच शब्द. कारभाऱ्यांनी समाधानाने हात झटकले आणि विचारले, "मंग चोपण रानात उसाचा कोणता वाण टिकन?"

ते सांगू शकेल असे शिवारात एकच शिकलेले माणूस होते. सुग्रीवने मान खाली घालून वाणाचे नाव सांगितले, आणि बेणे कुठे मिळेल तेही.