नाफडेकाका आणि जगाचं अर्थिंग

नाफडेकाका कुणाच्याही घरी गेले की चहाआधी खिशातून टेस्टर काढतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बायको "बसा ना काका" म्हणाली, तर हे फ्रिजच्या दाराला टेस्टर टेकवून उभे. दिवा लागला नाही. "चलो, अब बैठ सकते हैं," म्हणाले आणि बसले.

काका केंद्र सरकारातून विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झाले. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत बाराव्या मजल्यावर एकटेच राहतात. उन्हाळ्यात रोज सकाळी पार्किंगमागच्या चौकोनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. मी पुण्याहून नवाच आलो होतो. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल. शेजारच्या आंटींनी तर तिथे झेंडूची फुलंही वाहिली. काका भडकले.

"अहो, हा अर्थिंगचा खड्डा आहे. आत मीठ आणि कोळसा. माती कोरडी पडली तर गळका करंट जाणार कुठे? तुमच्या अंगातून."

ऑफिसनं मला लंडनला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कुठला अडॅप्टर नेऊ, एवढंच मी काकांना विचारलं. चूक झाली.

"इंग्लंडात फ्यूज प्लगच्या पोटात. जपानात बऱ्याच घरांत पिना दोनच. आणि फ्रान्समध्ये अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर येते."

"मग प्लगला काय असतं?"

"भोक."

माझं डोकं चालेना. वीज तीच, माती तीच, शॉकही सगळ्यांना सारखाच बसत असणार. मग सगळ्यांनी बसून एक काय ते ठरवायला काय झालं होतं? "प्रत्येकाला आपलाच नियम शहाणा वाटतो," काका म्हणाले. मी शेवटी चुकीचाच अडॅप्टर नेला.

काकांचा खरा राग जर्मनीवर, कारण मुलगी अनघा तिथे असते. "सॉकेटला बटणच नाही हो. प्लग खुपसला की चालू." दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. एकदा मी तिथेच बसलो होतो. पाचेक मिनिटांत ती म्हणाली, "चला बाबा, ठेवू?"

"आधी मेन बोर्डावरचं टेस्टचं बटण दाब."

करंट गळला तर वीज तोडणारा स्विच धड आहे ना, हे बघायचं ते बटण.

"बाबा, गेल्या रविवारीच दाबलं ना."

"दाब गं."

तिनं दाबलं. तिच्या घरातली वीज गेली, वायफाय गेलं, कॉल तुटला.

"काका, हे दर आठवड्याला करावं लागतं?"

"तिकडे सांगतात, सहा महिन्यांतून एकदा."

"मग?"

काका काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत राहिले. "वीज आली की तिलाच परत फोन करावा लागतो. पहिल्या फोनात ती माझी तब्येत विचारते. दुसऱ्या फोनात भांडते. शाळेत असताना भांडायची ना, बिल्कुल तशी."

मी उठून चपला शोधू लागलो. तेवढ्यात फोन वाजला. अनघाचा चढलेला आवाज दारापर्यंत ऐकू येत होता आणि काका हसत होते.