चौथी जागा

कलबुरगीच्या एका डाळ व्यापाऱ्याचं चार जणांचं खासगी विमान रूपाली चालवते. "एकदा आईवडिलांना लक्षद्वीप दाखवून आण," असं शेठच म्हणाले. तिच्या आईला, इंदिराबाईंना, समुद्र बघायची हौस लग्नाच्या आधीपासूनची. वडिलांना, मारोतींना, मात्र ही बातमी पोटात ठेवणं जमेना. संतपूरच्या हॉटेलात चहा पिताना ते शेजारच्या भीमण्णांना म्हणाले, "तुमी बी चला की!"

आता आपल्याकडं असं म्हणायचंच असतं, आणि समोरच्यानं "येऊ की पुढच्या टायमाला" म्हणून सोडून द्यायचं असतं. भीमण्णांनी दुसरा भाग गाळला.

ठरल्या दिवशी ते नवा पटका बांधून कलबुरगीच्या विमानतळावर हजर. "बेटाचा परवाना बी काढलो, मारोतराव! एवढं प्रेमानं बोलावलाव, मोडता कसं घालायचं?"

रूपालीनं वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, बेटावर तेल मिळत न्हाई. परतीचं बी वाटेत मंगळूरलाच भरून न्यावं लागतंय. चौघांचं वजन झेपत न्हाई. त्यांना सांगा."

"मी कसं सांगू? मीच बोलावलोय न्हवं!"

मग भीमण्णांसकट सगळे विमानात बसले आणि सामान उतरलं. शेंगाच्या पोळ्या गेल्या, चटणीची बरणी गेली, इंदिराबाईंनी पायातल्या चपलासुद्धा काढून दिल्या. तरी हिशेब बसेना.

"एक माणूस उतरल्याबिगर जमत न्हाई," रूपाली म्हणाली.

भीमण्णा लगेच उतरले. "मी ऱ्हातो, तुमी जावा."

मारोती त्यांच्यामागं उतरले. "पाव्हण्याला ठेवून मी जाऊ? तुमीच जावा."

"छे छे! लेक तुमची."

"आवतण बी माझंच की!"

बोलत बोलत दोघं कडेच्या सावलीत जाऊन उभे राहिले. इंदिराबाई खिडकीतून बघत होत्या. असले निरोप त्यांनी जन्मभर उंबऱ्यात उभं राहून ऐकले होते, आणि त्यात एकाही पाहुण्याला एसटी मिळालेली त्यांना आठवत नव्हती. त्यांना रडूच यायला लागलं. मग त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

"रूपे, उड."

"आई, बाबा खालीच हायत!"

"त्यांचं दिवस मावळस्तोवर चालतंय. मी लई थांबले गं."

विमान डोक्यावरून गेलं तेव्हा दोघांनी वर बघितलं. भीमण्णांनी पटका सारखा केला.

"बरं झालं," ते म्हणाले, "कुणाचंच मन मोडलं न्हाई."