कायम जतन

"रोज तासभर बागेत काम करा. मन रमेल, झोप लागेल," असं डॉक्टरांनी नानांना सांगितलं आणि गोळ्या काही लिहून दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर पुढचा अनर्थ टळला असता.

नानांची बायको जाऊन दोन महिने झाले होते. बाग तिची. तीस वर्षांत नानांनी तिथली काडी इकडची तिकडे केली नव्हती. (स्वतःची खुर्ची मात्र उन्हातून सावलीत नेत.) शेवटच्या आजारपणात, ऐन थंडीत, तिनं खिडकीखालच्या वाफ्यात आपल्या निळ्या फुलांचं बी टाकलं होतं आणि म्हणाली होती, "अहो, वसंतात वर येईल. तेवढं सांभाळा." तिनं नानांकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट.

नानांनी कंबर कसली. सगळी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेलेली. कोणती फाइल ठेवायची, कोणती नष्ट करायची, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाफ्यात एक रोप वीतभर वर आलं होतं, चांगलं दणकट. भोवती दहा-बारा मरतुकडे कोंब. नानांनी दणकट रोपाला 'कायम जतन' अशी चिठ्ठी दोऱ्यानं बांधली आणि कोंब उपटून, वाळवून, ऑफिसच्या शिस्तीनं जाळून टाकले.

मग तीन आठवडे त्यांनी ते रोप डोळ्यांत तेल घालून जपलं. माती भुसभुशीत केली, काठीचा आधार दिला. सकाळचा चहा तिथेच घ्यायचा आणि रोपाशी बोलायचं. आज पुन्हा दूध उतू गेलं. तुझा चष्मा अजून टेबलावरच आहे. त्या दिवशी दवाखान्यात मी चिडायला नको होतं. बायकोशी जे कधी बोलले नाहीत ते सगळं नाना रोपाशी बोलले आणि बोलता बोलता रडले. झोप खरंच लागायला लागली.

रविवारी मुलगी आली. वाफ्याशी बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, इथे बारीक कोंब आले होते का?"

"आले होते ना. एकही ठेवला नाही."

"आणि हे ठेवलंत?" तिनं चिठ्ठी वाचली. "बाबा, हे तण आहे. आई दरवर्षी उपटायची."

नाना खाली बसले. "एकच काम सांगितलं होतं गं तिनं," एवढंच म्हणाले.

मुलीनं पर्समधून कागदाची एक पुडी काढली. "अर्धं बी आईनं माझ्याकडे देऊन ठेवलं होतं. वसंतात घेऊन जा म्हणाली."

"तुझ्याकडे कशाला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, बाग तुझ्या बाबांना सांभाळायला सांगितली आहे, म्हणून."

नानांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी पुडीसाठी हात पुढे केला. मुलीनं पुडी पाठीमागे धरली.

"तुम्ही नको, बाबा. तुम्ही खुर्ची सावलीत घ्या."