आटोपशीर बिनतारी आघात-चालक

विभागीय संकीर्ण बाबी कार्यालयातल्या महिला प्रसाधनगृहाचं दार एका सोमवारी, ऐन कार्यालयीन वेळेत, वरच्या बिजागरीतून निखळलं. ते पडलं नाही. खालच्या बिजागरीच्या आधारानं तिरपं उभं राहिलं, आणि तिथंच घोटाळा झाला. पडलं असतं तर अपघात म्हणून नोंद झाली असती. अपघाताला विहित नमुना आहे. तिरप्या दाराला नमुना नव्हता.

हे कार्यालय पडेगावात, दौलताबादकडं जाणाऱ्या रस्त्याला, भाड्याच्या इमारतीत आहे. जी कामं दुसऱ्या कुठल्याच कार्यालयाची नसतात ती इथं येतात, आणि ती नक्की कुठल्या कार्यालयाची आहेत हे न ठरताच परत जातात. नोकरीला अकरा पुरुष आणि तीन बाया. दार निखळलं त्या दिवसापासून तिन्ही बायांनी ऑफिसात पाणी पिणं सोडलं. त्यांतली तनुजा आवक-जावकच्या टेबलावर बसायची. तिला मागं मुतखडा झालेला. डॉक्टरनं दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला बजावलेलं. शेवटी ती रोज दुपारी रस्त्यापलीकडच्या स्कूटरच्या शोरूममध्ये जायला लागली, गाडी बघायच्या निमित्तानं. महिनाभरात तिला सगळ्या गाड्यांचं ॲव्हरेज पाठ झालं आणि तिथला सेल्समन 'मॅडम, रंग ठरला का?' म्हणून फोन करायला लागला. तनुजाला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक दिवस ती भांडार शाखेचे वरिष्ठ लिपिक सुदर्शन ठोंबरे यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, दोन स्क्रूचं काम आहे. काहीतरी करा ना."

"करतो," सुदर्शन म्हणाला.

सुदर्शन मनाचा चांगला माणूस. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते त्याच्या चांगुलपणातूनच झालं. फक्त सरकारी माणूस 'करतो' म्हणतो तेव्हा त्याला 'लिहितो' असं म्हणायचं असतं, एवढं तनुजानं ध्यानात घ्यायला हवं होतं.

सुताराचा वार्षिक करार मार्चमध्येच संपला होता, म्हणजे सुतार बोलावता येत नव्हता. पण सुदर्शनच्या डोक्यात एक आधुनिक उपाय होता. बॅटरीवर चालणारं, तळहातावर मावणारं, स्क्रू बसवायचं यंत्र. मोबाइलवर एक दाढीवाला परदेशी इसम त्यानं लाकडात धडाधड स्क्रू उतरवतो, ते बघत सुदर्शननं आयुष्यातल्या कितीतरी दुपारी घालवल्या होत्या. इतकंच नाही, तसलं यंत्र त्यानं घरी घेऊनही ठेवलं होतं. निळी पेटी, बत्तीस बिट, दोन बॅटऱ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दोन्ही बॅटऱ्या चार्ज करी, यंत्र फडक्यानं पुसून परत पेटीत ठेवी. भोक मात्र आजवर एकही पाडलं नव्हतं. भिंतीला पडलेलं भोक परत घेता येत नाही, याची त्याला फार धास्ती. घरातल्या कॅलेंडरचा खिळा त्याची बायको रूपा हिनं खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकला होता.

"मग घरचंच आणा की," तनुजा म्हणाली.

"खासगी यंत्र, सरकारी दाराला?" सुदर्शननं आवाज खाली आणला. "उद्या दार परत निखळलं तर जबाबदार कोण?"

या मुद्द्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. अकरापैकी सहाजणांकडं घरी तसलंच यंत्र होतं, ते सगळ्यात जोरात डोलले. जेवणाच्या सुट्टीत सुदर्शननं पोळीचा तुकडा फिरवून फिरवून समजावून सांगितलं, की ड्रिल नुसतं फिरतं, भोकासाठी ते ठीक. पण इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरता फिरता आतून ठोकेही देतो, म्हणून स्क्रू घसरत नाही. मग कुणाच्या यंत्राचा टॉर्क जास्त यावर चार वाजेपर्यंत चर्चा चालली. स्क्रू या विषयावर या कार्यालयात एवढं ज्ञान पूर्वी कधीच नव्हतं. तनुजा तेवढ्यात शोरूमला जाऊन आली.

सुदर्शननं टिपणी सादर केली: 'महिला प्रसाधनगृहाच्या दाराकरिता कॉम्पॅक्ट कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर, एक.' कार्यालय अधीक्षक काकासाहेब यांनी आयुष्यात कुठलाही प्रस्ताव नाकारला नव्हता आणि मंजूरही केला नव्हता. त्यांनी टिपणीवर शेरा मारला, 'इंग्रजी शब्द टाळून फेरसादर करावे.'

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. सुदर्शन हरखला. कार्यालयीन मराठी हा त्याचा प्रांत. पेनड्राइव्हला 'खुंटीस्मृती' त्यानंच म्हटलं होतं, आणि स्टेपलरला 'पानबांधणी चिमटा' म्हणायला लावून शिपायांना बेजार केलं होतं. तो दोन दिवस कोश घेऊन बसला. कॉम्पॅक्ट म्हणजे आटोपशीर. कॉर्डलेस, बिनतारी. इम्पॅक्ट, आघात. आणि ड्रायव्हर तर काय, चालक. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'आटोपशीर बिनतारी आघात-चालक, एक.' लिहून झाल्यावर ते दोनदा मोठ्यानं वाचलं. अंगावर काटा आला त्याच्या.

टिपणीची नस्ती शहरातल्या मुख्य कार्यालयात गेली आणि तिथं टपाल घेणाऱ्या बारनिशीनं 'चालक' हा शब्द बघून ती खरेदी शाखेऐवजी माणसं नेमणाऱ्या आस्थापना शाखेकडं धाडली. वीस दिवसांनी पत्र आलं. ते आधी तनुजानंच उघडलं, आवक तिच्याकडंच होती ना. पत्रात चार प्रश्न होते. आपल्याकडे वाहन आहे काय? आटोपशीर म्हणजे काय? बिनतारी म्हणजे काय? दार व चालक यांचा परस्परसंबंध काय?

"सर, त्यांना माणूस वाटायलाय," तनुजा म्हणाली. "एक फोन करून सांगा ना, मशीन आहे म्हणून."

सुदर्शननं फोन उचलला. नंबर अर्धा लावला. आणि त्याच्या डोळ्यांपुढं 'शुद्धिपत्रक' हा शब्द उभा राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या एकाही टिपणीला शुद्धिपत्रक निघालं नव्हतं. त्यानं फोन खाली ठेवला.

"शब्द बरोबरच आहे," तो म्हणाला. "वाचणारे कमी पडायलेत. मी खुलासा पाठवतो."

खुलाशात खोटं एक अक्षर नव्हतं. वाहनाची आवश्यकता नाही. आटोपशीर म्हणजे आकाराने लहान, कमी जागेत मावणारा. बिनतारी म्हणजे कोणत्याही जोडणीवर अवलंबून नसलेला. आणि दार नादुरुस्त असल्याने महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय होत असून, आघात-चालक मिळाल्यास ती दूर होईल.

आस्थापना शाखेनं हा खुलासा फार मन लावून वाचला. वाहन नसलेले चालक खात्यात आधीच नऊ होते, त्यामुळं तो प्रश्न मिटला. आकाराने लहान, म्हणून उंचीची अट शिथिल केली. कोणत्याही जोडणीवर अवलंबून नाही, सबब शासकीय निवासस्थान देय नाही. राहता राहिला आघात. त्यावर एका हुशार अधिकाऱ्यानं अभिप्राय दिला की, तिरपे दार अंगावर पडून महिलांस आघात होणे संभवते. अशा वेळी त्यांना तातडीने घाटी रुग्णालयात हलवण्यासाठी चालक हवाच. दुसऱ्याच्या चुकीवर इतकं नेटकं बांधकाम फार थोड्यांना जमतं. पद मंजूर झालं.

तीन महिन्यांनी बन्सी हजर झाला. सोयगावचा, चाळिशीचा, पाच फुटांच्या आत-बाहेर उंचीचा. शेंद्र्याच्या एका कंपनीत कामगारांची बस चालवायचा. सरकारी म्हणून ती नोकरी सोडून आला होता. हातात आदेश, खांद्याला पिशवी.

"गाडी कुठंय साहेब?"

"गाडी नाही," काकासाहेब म्हणाले.

"नाय? मंग म्या चालवू काय?"

"तूर्तास बसा," काकासाहेब म्हणाले.

बन्सीला टेबल नव्हतं, म्हणून त्याला प्रसाधनगृहाच्या बोळात बाक टाकून दिलं. दोन दिवस तो बसला. दोन दिवस तिन्ही बाया त्याच्यासमोरून आत न जाता परत वळल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून साधा पेचकस काढला, लाकूड भुसभुशीत झालेलं बघून जरा लांब स्क्रू शोधले आणि दार सरळ केलं. कडीही बसवली. सगळं मिळून सात मिनिटं लागली.

"बसून बसून लई कंटाळा आल्ता ताई," तो तनुजाला म्हणाला.

तनुजानं साडेअकराला, सगळ्यांसमोर, पाण्याची अख्खी बाटली तोंडाला लावून रिकामी केली.  ते बघून सुदर्शनला खरंच आनंद झाला. आपण लिहिलं होतं, 'आघात-चालक मिळाल्यास गैरसोय दूर होईल.' झाली की नाही? त्या दिवशी त्यानं बन्सीला स्वतः चहा पाजला.

आठवड्यानं पत्र आलं की, चालकपदाच्या गरजेची पडताळणी करण्यासाठी समिती गुरुवारी येत आहे. दार समक्ष पाहण्यात येईल.

काकासाहेबांनी सुदर्शनला आणि बन्सीला आत बोलावलं. "ठोंबरे, दार नीट असलं तर आघात होणार नाही. आघात नाही तर चालक कशाला? आणि चालक नको होता तर तुम्ही मागितला कशाला, हेही विचारतील."

 बन्सी हात जोडून पुढं आला.

"साहेब, शेंद्र्याचं सोडून आलोय वो म्या. तिथं दुसरा बसवला त्यायनी. घरी काय सांगू, दार बसवलं म्हणून काढलं?"

"यावर एकच मार्ग," काकासाहेब म्हणाले. "पूर्वस्थिती." ते त्यांनी बोलून दाखवलं, लिहून दिलं नाही.

सुदर्शननं तनुजाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बोळात बाकावर डोकं धरून बसलेल्या बन्सीकडं बघितलं आणि म्हणाली, "काढा सर. माझ्यापायी कुणाचं पोट मारायचं नाही मला."

बन्सीनं पेचकस पुढं केला, पण स्क्रूला लावेना. "माज्या हातानं नाय व्हायचं हे," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

तेव्हा सुदर्शन जेवणाच्या सुट्टीत घरी गेला आणि निळी पेटी घेऊन आला. खासगी यंत्रानं सरकारी दार दुरुस्त करायला बाधा होती. दुरुस्ती उलटवायला बाधा येईल असं कुठल्याही नियमात सापडत नव्हतं, त्यानं पाहिलं होतं. बॅटरी पूर्ण चार्ज होती. त्यानं बटण उलट दिशेला सरकवलं, बिट स्क्रूवर टेकवला आणि डोळे मिटून चाप ओढला. घर्रर्र. स्क्रू लोण्यातून यावा तसा बाहेर आला. मग दुसरा. सगळे बघायला जमले होते. घरी यंत्र असलेल्या सहाजणांपैकी एकजण हळूच म्हणाला, "टॉर्क मस्तंय." आणि सुदर्शनला, लाज वाटत असतानाही, ते ऐकून बरं वाटलं.

समिती आली. तिरपं दार पाहून तिचं समाधान झालं. गरज सिद्ध झाली, बन्सीचं पद पुढं चालू राहिलं आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ आली: 'सदर दार हे पदनिर्मितीचा आधार असल्याने त्याच्या स्थितीत पूर्वपरवानगीशिवाय बदल करू नये.' बन्सीला बोळातून हलवून गेटपाशी बसवलं. त्यानं पेचकस घरी नेऊन ठेवला.

शोरूमवाल्यांनी त्याच सुमारास आपलं स्वच्छतागृह 'फक्त ग्राहकांसाठी' केलं. मग तनुजानं एक कागद घेतला, घाईघाईत चार शब्द खरडले आणि दाराला चिकटवून आत गेली.

'दार लागत नाही. आत महीला आहे का हे विचारुन मगच यावे.'

सुदर्शन तिकडून चालला होता. कागद वाचून तो थबकला. त्याच्या काळजात काहीतरी रुतलं. हे असं राहू देणं बरं नाही, आपल्या डोळ्यांदेखत तर नाहीच, असं त्याला आतून वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं कुणाच्याही मंजुरीची वाट पाहिली नाही. त्यानं खिशातून लाल पेन काढलं आणि 'महीला'तली वेलांटी ऱ्हस्व केली.

"'विचारून'ही दीर्घ पाहिजे, ठोंबरे," मागून काकासाहेब म्हणाले.

त्यानं तीही दुरुस्ती केली. आतून तनुजानं पायानं दार दाबून धरलं होतं. लाल पेन टेकताना ते दार जरा हललं.

"कोण आहे? सर, दाराचं काम करायलात का?" तिनं आतून विचारलं.

"झालं," सुदर्शन म्हणाला, आणि पेनाला टोपण लावलं.

तो कागद आत्ता तुम्हीही वाचलात. तुम्हाला आधी काय खुपलं, दार की वेलांटी, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.